कूलरच्या खोलीत उगवणारी मिरची

आज दुपारी दीड वाजता गच्चीवरच्या एका रिकाम्या कुंडीत दोन बोटे खोल थर्मामीटर खुपसून ठेवला आणि पाच मिनिटांनी पाहिले, तर पारा ४९ अंशांवर होता. तोच थर्मामीटर खाली आणून, आतल्या खोलीत कूलरच्या कडेला ठेवलेल्या मिरचीच्या ट्रेमध्ये खोवला, तेव्हा तो २८ अंशांवर येऊन स्थिरावला. मिरचीचे बी २५ ते ३० अंशांत सर्वांत चांगले उगवते. मे महिन्यात नागपुरात घरातच बी का लावावे, असे मला कोणी विचारले, तर मी हे दोन आकडे सांगते.

घरात बी रुजवण्याची बहुतेक माहिती थंड प्रदेशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. तिकडे बाहेर बर्फ असतो, म्हणून बी आत रुजवायचे आणि हिमाचा धोका टळला की रोप बाहेर न्यायचे, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. तो हिशेब नागपूरला जसाच्या तसा लावला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटोची रोपे तयार होतात आणि एप्रिलच्या अखेरीस, ऐन फुलोऱ्यात, त्यांना ४३ अंशांचे ऊन भेटते. रात्रही तापलेली असली, की टोमॅटोची फुले फळ न धरता गळून जातात. मी दोन वर्षे हेच केले आणि दोन्ही वर्षे माणसाच्या उंचीची, हिरवीगार, पण जवळजवळ बिनफळाची झाडे पाहिली. तेव्हापासून मी आपल्या हवेचे वेळापत्रक धरते. त्यात बी घरात घेण्याचे तीन हंगाम येतात: मे महिन्यात उन्हापासून, ऑगस्टमध्ये पावसाच्या माऱ्यापासून आणि जानेवारीत रात्रीच्या गारठ्यापासून. त्यांपैकी मे महिन्याचा हंगाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आज मुख्यतः त्याबद्दलच लिहिते.

सासूबाईंचे माहेर भिवापूरकडचे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले ते अलीकडे. त्यांच्या घरी ते बी कितीतरी आधीपासून जपले जात होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी अंगणातल्या वाफ्यात मिरची पेरायला निघाले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि एका जुन्या घमेल्यात बी टाकून ते घमेले स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाच्या तिवईखाली सरकवले. “जिथं माठ थंडा राह्यते, तिथं बी ठेवत जाय,” एवढेच त्या म्हणाल्या. माठ पाझरतो, त्या पाझराची वाफ होताना भोवतालची उष्णता ओढली जाते आणि माठाखालची जागा घरात सर्वांत गार राहते, हे शास्त्र मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा असा उपयोग करायचा असतो, हे मात्र त्यांच्याकडूनच शिकले. आज आमच्याकडे माठ आहे आणि कूलरही आहे. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर चांगले काम करतो, कारण हवेत दमटपणा फारच थोडा असतो. एकदा मृगाचे ढग आले आणि हवा ओलसर झाली, की त्याचा गारवा कमी होतो. पण तोवर बियांना त्याची गरज उरलेली नसते.

कूलरच्या थेट झोतात ट्रे ठेवू नये. झोतात ट्रेचा वरचा थर तासाभरात सुकतो आणि बी अर्धवट भिजून मरते. मी ट्रे झोताच्या बाजूला, जमिनीवर ठेवते आणि त्यावर पिळून घेतलेले ओले गोणपाट पसरते. दुपारी वीज गेली, तर ट्रेखालच्या घमेल्यातली ओली वाळू तासदोन तास गारवा सांभाळते. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: कूलरच्या टाकीतले पाणी रोपांना घालू नये. त्या टाकीतले पाणी सतत उडत असते आणि त्यातले क्षार मागे उरत असतात. महिनाभरात खसेवर जो पांढरा थर चढतो, तोच क्षार कोवळ्या मुळांना भाजतो.

पाण्याच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूकही इथे लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी मिरचीची साठेक रोपे दोन पानांवर आली होती. एका दुपारी मला ती मलूल दिसली, म्हणून मी घाईने बाथरूमच्या नळाचे पाणी झारीत भरून त्यांच्यावर शिंपडले. ते पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आले होते आणि हाताला चटका बसेल इतके तापलेले होते. झारी प्लास्टिकची असल्याने मला ते जाणवले नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या रोपांच्या माना जमिनीलगत पारदर्शक होऊन वाकल्या होत्या. तेव्हापासून रोपांसाठी एक छोटा माठ वेगळा ठेवला आहे. रात्री त्यात पाणी भरायचे आणि सकाळी सात वाजता तेच घालायचे. मे महिन्यात टाकीचे पाणी थेट रोपांवर जाऊ द्यायचे नाही.

आता मातीविषयी. आपली काळी माती कापसाला आणि संत्र्याला कितीही मानवत असली, तरी बी रुजवण्यासाठी ती वापरू नये. ती ओली झाली की फुगते व चिकट होते, सुकली की आवळते आणि तिला भेगा पडतात. बियाण्याच्या सुतासारख्या पहिल्या मुळाला या हालचाली सोसत नाहीत. मी दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घेते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो आणि तो दोन ट्रेंना सहज पुरतो. वीट भिजवल्यावर पहिले पाणी, जे चहासारखे तांबूस निघते, ते फेकून द्यावे आणि भुसा आणखी एकदा धुवून पिळून घ्यावा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असते. मिश्रण हातात घट्ट दाबले तर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये, इतका ओलावा मला योग्य वाटतो. भाजीच्या रोपांसाठी ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे बाजारात मिळतो. ज्यांना पाच-दहाच रोपे हवी आहेत, त्यांनी तळाला भोक पाडलेले चहाचे कागदी कप वापरले, तरी काही बिघडत नाही.

बी पेरण्याआधी ते जिवंत आहे का, हे पाहून घ्यावे. एका वर्षी मी एका दुकानातून मिरचीचे पाकीट आणले, घाईत तारीख वाचली नाही आणि पंधरा दिवस रिकाम्या ट्रेला पाणी घालत बसले. प्रमाणित बियाण्याच्या पाकिटावर तपासणीची तारीख असते आणि त्या तारखेपासून पहिले नऊ महिने त्या तपासणीची मुदत असते. उगवणीची किमान टक्केवारीही तिथेच छापलेली असते. मिरचीसाठी ती ६० आणि टोमॅटोसाठी ७० आहे, म्हणजे नियमाने योग्य ठरलेल्या पाकिटातही मिरचीच्या दहा बियांमागे चार उगवल्या नाहीत, तर त्यात नवल नाही. घरच्या बियाण्यासाठी मी २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते आणि दहाव्या दिवशी मोजते. १२ पेक्षा कमी फुटल्या, तर प्रत्येक कप्प्यात दोन दोन बिया टाकते. पाकिटातले बी गुलाबी किंवा निळे दिसले, तर त्याला बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजावे आणि लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नये.

मिरचीचे बी मी रात्रभर साध्या पाण्यात भिजवते, सकाळी सावलीत फडक्यावर पसरून कोरडे करते आणि चिमूटभर ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची, भुकटी लावून अर्धा सेंटिमीटर खोल पेरते. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. त्याहून खोल गेलेले मिरचीचे बी वर येईपर्यंत थकते. यंदा ४ मे रोजी पेरले होते. आज १२ तारीख आहे आणि सकाळी गोणपाट उचलले, तेव्हा सात कप्प्यांत हालचाल दिसली.

ही हालचाल जवळून पाहण्यासारखी असते. आधी भुशाचा एक कण किंचित वर उचलला जातो. मग त्याखालून पांढरट, वाकलेली, दोऱ्याच्या फासासारखी एक मान दिसते. दोन्ही टोके अजून मातीत असतात आणि मधला बाकच तेवढा वर आलेला असतो. बी आपली कोवळी पाने सरळ वर ढकलत नाही, तो बाक आधी वाट करतो आणि पाने मागून ओढली जातात, त्यामुळे ती खरचटत नाहीत. संध्याकाळपर्यंत तो बाक उजेडाकडे सरळ होऊ लागतो, हिरवा पडतो आणि दोन अरुंद, टोकदार दले बाहेर निघतात. त्यांच्या टोकावर कधी कधी बियाचे टरफल टोपीसारखे अडकून बसते. ते नखाने ओढू नये, दल तुटते. बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवावा, अर्ध्या तासात टरफल मऊ पडते आणि बहुधा आपले आपण गळून पडते.

पहिली मान दिसली, त्याच दिवशी गोणपाट काढावे. उरलेले बी उगवेपर्यंत वाट पाहू नये. अंधारात एक दिवस जरी जास्त गेला, तरी रोप उजेडाच्या शोधात लांबते आणि तशी लांबट, पिवळट, लुळी झालेली रोपे पुढे कितीही लाड केले तरी कणखर होत नाहीत. खिडकीचा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो अपुरा असतो. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची खिडकी मे महिन्यात वापरूच नये, कारण दुपारनंतर तिची काच भट्टीसारखी तापते. आमच्या खोलीला पूर्वेचा उजेड नसल्याने मी साधी पांढरी, २० वॅटची एलईडी ट्यूब ट्रेच्या वर अर्ध्या वितीवर टांगली आहे आणि ती रोज १४ तास चालू ठेवते. महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज लागते. रोपे वाढतील तशी ट्यूब वर सरकवत जावी, म्हणजे अंतर तेवढेच राहते. रोपांसाठीचे महागडे जांभळे दिवे घ्यायची काहीच गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोपे कोलमडण्याचा रोग, ज्याला शेतकरी मर म्हणतात, तो बहुतेक वेळा आपल्या मायेतूनच येतो. वर प्लास्टिक झाकायचे, दिवसातून तीनदा पाणी घालायचे, हवा खेळू द्यायची नाही, आणि मग एका रात्रीत रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी मातीत असतातच, त्यांना साचलेली ओल आणि कोंदट हवा मिळाली की त्या चढतात. म्हणून दले उघडल्यावर पाणी वरून शिंपडण्याऐवजी ट्रे पंधरा मिनिटे उथळ पाण्यात ठेवावा, भुसा खालून ओला होऊ द्यावा आणि उरलेले पाणी फेकावे. वरचा थर फिका दिसेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. एखादा कप्पा कोलमडलाच, तर रोप आणि भुसा दोन्ही काढून टाकावे, शेजारचे कप्पे कोरडे होऊ द्यावे आणि पंखा मंद लावावा.

घरात रोप वाढवण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो मला उन्हापासूनच्या बचावाइतकाच मोलाचा वाटतो. टोमॅटोची पाने वळवणारा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि मिरचीच्या चुरडा-मुरडा रोगामागेही फुलकिडे, कोळी आणि ही माशी असतात. रोप जितके कोवळे असताना विषाणू लागतो, तितके नुकसान मोठे होते. पहिला महिना रोप आत राहिले, तर सर्वांत नाजूक काळ टळतो. खिडकी उघडी ठेवायची असेल, तर ट्रेवर पातळ मलमल टाकावी. मच्छरदाणीचा उपयोग होत नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी सहज आत जाते.

बियात दलांनंतर येणाऱ्या पहिल्या खऱ्या पानांपर्यंत पुरेल एवढी शिदोरी असते, त्यामुळे तोवर खत देऊ नये. त्यानंतर आठवड्यातून एकदा गांडूळपाणी दहा पट पातळ करून दिले, की पुरते. रोप हलवावे लागले, तर पानाला धरावे, देठाला धरू नये. पान गेले तर दुसरे येते, देठ चिरडला तर रोप गेले. टोमॅटोचे रोप लावताना दलांपर्यंत खोल गाडले तरी चालते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरची आणि वांगे मात्र ट्रेमध्ये होते तेवढ्याच खोलीवर लावावे.

मिरचीला पेरणीपासून लागवडीपर्यंत ४० ते ४५ दिवस लागतात, वांग्याला सुमारे ३५ आणि टोमॅटोला २५ ते ३०. नागपुरात पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यावर येतो, हे धरून मी उलटी मोजणी करते आणि मिरची मेच्या पहिल्या आठवड्यात, वांगी दुसऱ्या आठवड्यात आणि टोमॅटो २० मेच्या सुमारास पेरते. बाहेर नेण्याआधी रोपांना उन्हाची सवय लावावी लागते. पहिले दोन दिवस सकाळी सहा ते सात, पुढचे दोन दिवस आठपर्यंत, मग हिरव्या जाळीखाली दिवसभर, असे आठ-दहा दिवस घ्यावे आणि त्या काळात पाणी थोडे तोडावे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपायच्या आत रोपे बाहेर काढण्याची घाई करू नये.

ऑगस्टचा हंगाम त्या मानाने सोपा आहे. फुलकोबी, पत्ताकोबी आणि नवलकोल यांचे बी तीन-चार दिवसांत उगवते आणि रोपे २५ दिवसांत तयार होतात. घरात आणायचे ते फक्त पावसाच्या थेंबांचा मार चुकवण्यासाठी. उजेड मात्र ढगांमुळे कमी असतो, तेव्हा ट्यूब इथेही लागते. या दिवसांत ट्रेखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचे डास अशाच ताटल्यांत वाढतात. ज्यांना लेट्यूस लावायचे आहे, त्यांनी ऑक्टोबर उजाडण्याची वाट पाहावी. त्याचे बी तीस अंशांच्या वर झोपी जाते, आणि पाकीट खराब निघाले असे आपल्याला उगाच वाटते.

संक्रांतीच्या सुमाराला वेलवर्गीयांची पाळी येते. काकडी, दोडके, कारले, दुधी, ढेमस यांना रुजायला ऊब हवी असते आणि जानेवारीत नागपूरची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत सहज उतरते. उन्हाळी वेलींना मार्चअखेरपर्यंत फळे यावीत, असे वाटत असेल, तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबून चालत नाही. कारल्याचे टरफल फार कठीण असते; मी नेलकटरने टोकदार बाजूचा कणभर तुकडा काढते, बी रात्रभर भिजवते आणि ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या मागे, जिथे ऊब असते, तिथे ठेवते. तीन-चार दिवसांत पांढरा कोंब दिसला, की कागदी कपात पेरते. वेलींच्या मुळांना धक्का खपत नाही, म्हणून त्यांना ट्रे नको, कपच हवा. दोन खरी पाने आली, म्हणजे १५ ते २० दिवसांनी, कपाचा तळ फाडून तो तसाच वाफ्यात ठेवायचा.

सुगंधी पाल्यांच्या बाबतीत मात्र घरातल्या ट्रेचा मोह आवरावा. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, आणि शेपूचा सोटमूळ सरळ खाली जातो आणि उपटून लावले की झाड रुसते, लगेच फुलोऱ्यावर येते. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात; दाणे लाटण्याने हलके रगडून दोन फाके करावेत, रात्रभर भिजवावेत आणि जिथे वाढवायचे त्याच कुंडीत पेरावेत. आठ ते चौदा दिवस लागतात. पुदिना आणि ओव्याचे जाड पान यांना बी शोधत बसू नये, काडी पाण्यात ठेवली की मुळे फुटतात. तुळस मात्र ट्रेमध्ये छान येते. सुकलेली मंजिरी तळहातावर चुरावी, मोहरीहूनही बारीक बी ओल्या भुशावर नुसते भुरभुरावे आणि वर माती टाकू नये.

आज संध्याकाळी सात कप्प्यांचे अकरा झाले आहेत. गोणपाट काढून ट्यूब लावली आहे, आणि उद्या सकाळी वांग्याचा ट्रे भरायचा आहे.